विश्लेषण : मोटारसायकलच्या जादा दिव्यांना वीज देणारा ‘रिले’ आला कुठून? कोण होते जोसेफ हेन्री?

शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज असली, की सांगोला तालुक्यातील शेतकऱ्याला मोटारसायकल काढून विहिरीवर जावेच लागते. डाळिंबाच्या बागांमधून जाणारी पाणंद, वाटेत दगड, आडवे येणारे जनावर आणि मुख्य रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. अशा वेळी गाडीचा मूळचा हेडलाइट अपुरा पडतो. म्हणून कोणी जादा दिवे बसवून घेतो, कोणी मोठा हॉर्न, कोणी मोबाइल चार्जर. हे सामान बाजारात सहज मिळते. प्रश्न असतो तो त्याला वीज कोठून आणि कशी द्यायची हा. मूळच्या तारेलाच दुसरी तार पिळून जोडली, तर बटण तापते, तार वितळते, कधी गाडीही पेट घेऊ शकते. यावरचा उपाय म्हणजे ‘रिले’ नावाची लहानशी डबी. तिच्यामागचे तत्त्व अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवले. तेव्हा मोटारसायकल जन्मालाही आली नव्हती.

बटण का जळते?

मोटारसायकलचा मूळचा दिवा साधारण ३५ वॉटचा असेल, तर १२ व्होल्टच्या जोडणीत तो सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. त्याची तार आणि हँडलवरचे बटण कंपनीने तेवढ्याच भाराचा विचार करून दिलेले असते. त्याच तारेवर ५५ वॉटचे दोन दिवे आणखी जोडले, की ९ अँपिअरची भर पडते. म्हणजे ३ चे १२ झाले. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. चौपट प्रवाह म्हणजे सोळा पट उष्णता. बटणाच्या आतले पितळी टोक काळे पडते, प्लॅस्टिक मऊ होते आणि एके रात्री मूळचा हेडलाइटही बंद पडतो.

जाड तार टाकली तरी बटण तेच राहते. मग भारी प्रवाह बटणातून न नेता दिवा बटणानेच कसा लावायचा? प्रश्न मोटारसायकलचा असला, तरी त्याचे उत्तर हेन्री यांनी त्याआधीच शोधून ठेवले होते.

कोण होते हेन्री?

जोसेफ हेन्री यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. वडील मोलमजुरी करत. घरच्या ओढाताणीमुळे लहानग्या जोसेफला गॅलवे नावाच्या खेड्यात आजीकडे ठेवण्यात आले. तिथे शाळा शिकता शिकता त्याने एका दुकानात कामही केले. वडील लवकर वारले. किशोरवयात तो ऑल्बनीला परतला आणि घड्याळे व चांदीकाम करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला. बारीक हत्यारे धरायला, नाजूक जोडणी करायला हात तिथेच तयार झाला.

त्या वयात त्याला ओढ मात्र नाटकाची होती. सोळाव्या वर्षी एक विज्ञानाचे पुस्तक त्याच्या हाती पडले. रोज दिसणाऱ्या साध्या गोष्टी तशा का घडतात, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले होते. त्या पुस्तकाने त्याची दिशा बदलली. १८१९ मध्ये त्याने ऑल्बनी अकादमीत प्रवेश घेतला. वर्गातली इतर मुले वयाने लहान होती. शिकवण्या घेऊन, पुढे रस्त्याच्या मोजणीचे काम करून त्याने खर्च भागवला. १८२६ मध्ये त्याच संस्थेत हेन्री गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

दिवसभराच्या तासिका सांभाळून प्रयोगांना वेळ मिळत नसे. मोठे प्रयोग करायचे तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच, वर्ग रिकामे झाल्यावर.

चुंबकाचे काय केले?

इंग्लंडमधील विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये विद्युतचुंबक तयार केला होता. लोखंडाचा नालाच्या आकाराचा तुकडा, त्यावर उघड्या तारेचे काही वेढे. तार उघडी असल्याने वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून लांब लांब ठेवावे लागत. हेन्री यांनी लोखंडाऐवजी तारेलाच रेशमाचे वेष्टण दिले. आता वेढे एकमेकांना चिकटून, थरावर थर देता येऊ लागले. आज कोणत्याही वायरवर जे आवरण दिसते, त्यामागे हीच समज आहे.

त्यांनी पुढचे पाऊलही टाकले. एकच लांब तार गुंडाळायची की अनेक तुकडे स्वतंत्रपणे जोडायचे, बॅटरीचा एक मोठा घट घ्यायचा की अनेक लहान घट ओळीने जोडायचे, हे त्यांनी पद्धतशीर तपासले. त्यातून दोन प्रकारचे चुंबक पुढे आले. पहिला जवळच्या बॅटरीवर चालणारा, प्रचंड वजन उचलणारा. दुसरा लांबवरच्या तारेतून आलेल्या क्षीण प्रवाहावरही हलणारा, पण कमी ताकदीचा. १८३१ मध्ये येल येथील महाविद्यालयासाठी त्यांनी बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोपेक्षा जास्त वजन पेलले. चुंबकाचे स्वतःचे वजन ३० किलोच्याही आत होते.

त्याच वर्षी ऑल्बनी अकादमीत त्यांनी मैलभर तार भिंतींभोवती फिरवली आणि एका टोकाला प्रवाह सोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवली. विजेने दूरवर खूण पाठवता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

रिलेची कल्पना कशी सुचली?

१८३२ मध्ये हेन्री प्रिन्स्टनच्या महाविद्यालयात गेले. तिथे विद्यार्थ्यांना ते एक प्रयोग दाखवत. एका मोठ्या चुंबकाला भारी वजन लटकवलेले असे. त्या चुंबकाला वीज जवळच्याच बॅटरीतून मिळे. त्या मार्गात पाऱ्याच्या दोन वाट्या आणि त्यांत टोके बुडवलेली एक तार असे. दुसरा, लहान चुंबक लांब तारेला जोडलेला. लांबून अगदी क्षीण प्रवाह सोडला, की लहान चुंबक ती तार पाऱ्यातून वर उचले. मोठ्या चुंबकाचा मार्ग तुटे आणि वजन धाडकन खाली पडे.

पडणाऱ्या वजनामागचे तत्त्व असे, की दुरून येणाऱ्या प्रवाहाने स्वतः काम करण्याची गरज नाही. त्याने फक्त हुकूम द्यायचा. काम जवळच्या बॅटरीचा प्रवाह त्याच्या स्वतःच्या मार्गाने करील. हाच रिले.

प्रयोगशाळेतून आपल्या घरापर्यंतही त्यांनी तार नेली होती आणि तिच्यातून ते घरी खुणा पाठवत. प्रवाह परत येण्यासाठी त्यांनी दुसऱ्या तारेऐवजी जमिनीचा उपयोग केला. मोटारसायकलमध्ये दिव्याची एक तार चेसिसला ‘अर्थ’ करून भागते, ते याच जातीचे. या कामात सॅम पार्कर हा कृष्णवर्णीय मदतनीस त्यांच्या हाताशी असे. बॅटऱ्या तयार करण्यापासून प्रयोगात विजेचे झटके सोसण्यापर्यंत बरेच काही त्याच्या वाट्याला आले.

सांगोल्यातील शेतकऱ्याला रिले नवा नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर हे त्याचेच मोठे रूप. हिरवे बटण दाबले, की आतली कॉइल चुंबक बनते, ‘खट्’ आवाज होतो आणि जाड पॉइंट एकमेकांना भिडतात. मोटारीचा सगळा प्रवाह बोटाखालच्या बटणातून जात नाही. मोटारसायकलच्या सेल्फ-स्टार्टलाही असाच रिले असतो. बॅटरी उतरल्यावर इंजिन न फिरता नुसती ‘टक् टक्’ ऐकू येते, ती त्याचीच. हुकूम पोहोचतो, पण काम करायला ताकद उरलेली नसते.

मग नाव मोर्स यांचेच का?

लांब अंतरावर संदेश पाठवण्याची मुख्य अडचण प्रवाह क्षीण होण्याची होती. चित्रकार असलेले सॅम्युअल मोर्स तारायंत्राच्या खटाटोपात असताना इथेच अडले होते. न्यूयॉर्कमधील त्यांचे सहकारी प्राध्यापक लिओनार्ड गेल यांनी हेन्री यांचा १८३१ चा निबंध वाचला होता. त्यातली जोडणी वापरल्यावर मोर्स यांच्या यंत्राचा पल्ला वाढला. १८३९ मध्ये मोर्स स्वतः प्रिन्स्टनला जाऊन हेन्री यांना भेटले. हेन्री यांनी शंका सोडवल्या आणि १८४२ मध्ये त्यांच्या पाठिंब्याचे पत्रही दिले. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने मोर्स यांना ३० हजार डॉलर मंजूर केले. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू झाली. अंतर सुमारे ६४ किलोमीटर, सांगोला ते पंढरपूरच्या साधारण दुप्पट.

हेन्री यांनी कशाचेच पेटंट घेतले नाही. शोध हा सगळ्यांच्या उपयोगाचा, तो स्वतःपुरता कुलूपबंद करणे शास्त्रज्ञाला शोभत नाही, अशी त्यांची धारणा होती. पैशाची अपेक्षा नव्हती. नोंद खरी व्हावी एवढीच अपेक्षा होती. तीही पुरी झाली नाही. मोर्स यांचे भागीदार आल्फ्रेड व्हेल यांनी १८४५ मध्ये तारायंत्रावर पुस्तक काढले. त्यात हेन्री यांच्या कामाला जेमतेम जागा मिळाली. ते त्यांना लागले.

पुढे मोर्स यांच्या पेटंटवरून खटले उभे राहिले आणि १८४९ मध्ये हेन्री यांना साक्षीसाठी बोलावण्यात आले. त्यांनी स्वतःहून कोणावर दावा लावला नव्हता. पण शपथेवर विचारल्यावर आपण काय आणि केव्हा केले ते त्यांनी सांगितले. १८५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोर्स यांचे पेटंट मुख्यतः कायम ठेवले. मात्र विजेने दूरवर खुणा पाठवण्याच्या प्रत्येक प्रकारावर त्यांनी सांगितलेला हक्क फेटाळला. १८५५ मध्ये मोर्स यांनी लांबलचक लेख छापून आपण हेन्री यांचे काहीही देणे लागत नाही असे जाहीर केले आणि त्यांच्या साक्षीच्या खरेपणावरच शंका घेतली.

हेन्री यांनी वर्तमानपत्रांतून वाद घातला नाही. ते तेव्हा प्रमुख असलेल्या संस्थेच्या नियामक मंडळाकडे त्यांनी स्वतःच्याच चौकशीची मागणी केली. समितीने कागद तपासले आणि १८५८ पर्यंत त्यांना पूर्णपणे निर्दोष ठरवले. पण तोवर तारायंत्र म्हणजे मोर्स हे समीकरण घट्ट झाले होते. मोर्स यांचे श्रेयही खोटे नव्हते. विखुरलेल्या कल्पना जोडून त्यांनी चालणारी व्यवस्था उभी केली. मात्र त्या व्यवस्थेत लांबचा पल्ला गाठणारा भाग कोणाच्या कामावर उभा होता, हे सांगणे राहून गेले.

स्मिथसोनियनमध्ये काय केले?

इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी कधीही न पाहिलेल्या अमेरिकेला आपली संपत्ती ज्ञानप्रसारासाठी दिली होती. त्यातून १८४६ मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली आणि हेन्री तिचे पहिले सचिव झाले. स्वतःचे प्रयोग मागे पडतील हे माहीत असूनही त्यांनी हे पद घेतले आणि शेवटपर्यंत सांभाळले.

तारायंत्राने त्यांना श्रेय दिले नाही. त्यांनी मात्र त्याच तारांचा उपयोग लोकांसाठी करून घेतला. १८४९ पासून तारकचेऱ्यांमार्फत ठिकठिकाणच्या हवामानाच्या नोंदी वॉशिंग्टनला मागवल्या जाऊ लागल्या. संस्थेच्या इमारतीत देशाचा नकाशा लावून कुठे पाऊस, कुठे ऊन हे रोज दाखवले जाई. वादळ एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्याआधी त्याची बातमी तारेने पोहोचू शकते, हे लोकांना तिथे दिसले.

दीपगृहांच्या राष्ट्रीय मंडळावरही ते १८५२ पासून होते आणि १८७१ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. देवमाशाचे तेल महाग झाले, तेव्हा त्याऐवजी डुकराच्या चरबीचे तेल दिव्यात कसे जाळता येईल, याचे प्रयोग त्यांनी केले. धुक्यात जहाजांना इशारा देणारे भोंगे किती लांब ऐकू जातात, हे समुद्रावर जाऊन तपासले. रस्त्यावरच्या फॉग लॅम्पशी आणि हॉर्नशी त्यांचे नाते असे दुहेरी आहे.

२४ जानेवारी १८६५ रोजी संस्थेच्या इमारतीला आग लागली. कामगारांनी शेगडीचा धुराचा नळ धुराड्यात न जोडता भिंतीतल्या पोकळीत जोडला होता. जोडणी बाहेरून ठीक दिसत होती. उष्णता मात्र आतल्या आत चुकीच्या जागी साठत गेली. आगीत हेन्री यांचे कार्यालय, अनेक वर्षांचा पत्रव्यवहार आणि नोंदी जळाल्या. नोंदी खऱ्या राहाव्यात म्हणून झगडलेल्या माणसाचे हे नुकसान भरून येण्यासारखे नव्हते.

१८७५ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा तरुण त्यांना भेटायला आला. आपल्याला विजेचे पुरेसे ज्ञान नाही, अशी त्याची अडचण होती. हेन्री यांनी ते ज्ञान मिळव आणि काम सोडू नकोस असा सल्ला दिला. पुढच्या वर्षी टेलिफोन तयार झाला. १३ मे १८७८ रोजी वॉशिंग्टनमध्ये हेन्री यांचे निधन झाले. पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी त्यानंतर सात वर्षांनी, १८८५ मध्ये जर्मनीत धावली.

‘हेन्री’ हे एककही त्यांचेच?

होय. बारावीच्या भौतिकशास्त्रात भेटणारे ‘हेन्री’ हे एकक त्यांच्याच नावाचे आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ते स्वीकारले गेले. गुंडाळीतला प्रवाह अचानक तोडला, की तिच्यात क्षणभर मोठा दाब निर्माण होतो आणि ठिणगी उडते. या स्वयंप्रवर्तनाचे वर्णन हेन्री यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोधही त्यांना स्वतंत्रपणे लागला होता. पण मायकेल फॅरडे यांनी तो आधी प्रसिद्ध केला.

मोटारसायकलमध्ये हे दोन्ही हेन्री भेटतात. अनेक गाड्यांत इंजिनातली ठिणगी गुंडाळीतला प्रवाह तोडून मिळते. तसाच उलटा झटका रिलेची कॉइल बंद होतानाही बसतो. जुन्या गाडीला त्याने फारसे बिघडत नसे. नव्या गाडीत इंजिनाचा संगणक त्याच वायरिंगवर असतो. म्हणून आतच डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घेणे शहाणपणाचे.

जोडणी नेमकी कशी असावी?

रिलेवर साधारणपणे ३०, ८७, ८६ आणि ८५ असे आकडे असतात. ते वाहनांच्या जर्मन मानकातून आले आहेत. ३० आणि ८७ हा कामाचा मार्ग. ८६ आणि ८५ हा हुकमाचा.

बॅटरीच्या धन टोकापासून जाड तार ३० ला आणावी. तिच्यात फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. फ्यूज दिव्याच्या जवळ असेल तर मधली तार घासून चेसिसला लागल्यावर तो काहीच वाचवत नाही. ९ अँपिअरच्या भाराला १५ अँपिअरचा फ्यूज आणि तेवढा प्रवाह निर्धोक वाहणारी तार पुरते. ८७ पासून तार दिव्यांना जाते आणि दिव्यांची दुसरी तार चेसिसला किंवा बॅटरीच्या ऋण टोकाला.

८६ ला चावी लावल्यावरच वीज येणाऱ्या तारेतून, जादा दिव्यांच्या छोट्या बटणामार्फत, जोडणी द्यावी. ८५ अर्थला. डायोडच्या रिलेत ही दिशा उलटी करू नये. कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे मूळच्या तारेला तो भार जाणवत नाही. चावी काढली की दिवे आपोआप बंद. दिवे चुकून चालू राहून सकाळी बॅटरी उतरलेली सापडणे त्यामुळे टळते.

रिले वीज तयार करत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. लहान गाडीचा अल्टरनेटर ११० वॉटचा जादा भार पेलेलच असे नाही. अशा गाडीला कमी वॉटचे एलईडी दिवे बरे. दिव्यांचा रोख खाली हवा आणि ते नियमांत बसणारे हवेत. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर आपल्याच अंगावर अपघात ओढवतो.

रिलेची डबी फार महाग नसते. तरीही ती वगळून तार पिळली जाते, कारण दिवा त्या वेळी तरी लागतो. ऑल्बनीच्या वर्गात सुट्टीत तारा गुंडाळणाऱ्या हेन्री यांनी या डबीमागच्या तत्त्वासाठी कोणाकडून एक पैसा मागितला नाही. ते कुलूपबंद न ठेवल्यामुळेच आज विहिरीवरच्या स्टार्टरपासून गाडीच्या सेल्फपर्यंत कोणालाही वापरता येते. रात्री पाणंदीवर जादा दिवे लावताना सीटखालून ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्याच तत्त्वाचा.